भागूबाईची पुण्यातली साक्ष

पुण्याच्या परिषदेला निघालो तेव्हा आमच्याबरोबर एक टेपरेकॉर्डर होता, तो सांभाळायला एक निवृत्त सुभेदार होते, आणि कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे असलेले एक दीर-भावजय होते. भावजय आमची पक्षकार, दीर समोरच्या बाजूचा. दोघं एस.टी.त शेजारी शेजारी बसले होते आणि खिडकीवरून भांडत होते.

वकिलीतलं काही लिहा म्हटलं की लोकांना खुनाचे खटले हवे असतात. माझ्या वाट्याला खून फारसे आले नाहीत. नगरच्या कोर्टात माझा जन्म गेला तो बांध, विहिरी, वाटण्या आणि पोटग्या यांच्यात. त्यामुळे सांगायची तर ही परिषदेचीच गोष्ट सांगते.

बहात्तरचा दुष्काळ अजून पडायचा होता. मी नुकतीच सनद घेऊन नाना वकिलांच्या हाताखाली लागले होते. बाई वकील हा प्रकार नगरला तेव्हा नवा होता. पक्षकार ऑफिसात यायचे, मला नमस्कार करायचे आणि माझ्या मागं बघून विचारायचे, "वकीलसाहेब कवा येत्याल?" मी वकील आहे म्हटलं की "व्हय का, बरं बरं" म्हणायचे आणि तिथंच बसून नानांची वाट बघायचे. त्यांचंही चूक नव्हतं. ज्युनियरचं काम तेव्हा एकच, कोर्टात उभं राहून पुढची तारीख मागणं. तारीख मागण्यात मी तरबेज झाले होते. उलटतपासणी मात्र एकही घेतली नव्हती.

उलटतपासणी म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारून विचारून त्याच्या सांगण्यातलं खरं-खोटं बाहेर काढणं. त्यात नानांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. त्यांचा आवाज कोर्टातून माळीवाड्यापर्यंत जातो असं लोक म्हणत, आणि नाना ते खोडून काढत नसत.

नानांना यंत्रांचा राग होता. बाररूममधला पंखासुद्धा ते बसले की बंद व्हायचा. त्यामुळे पुण्याहून 'न्यायदानात यंत्रांचा उपयोग' या विषयावरच्या परिषदेचं बोलावणं आलं, आणि प्रत्येक जिल्ह्यानं काही प्रात्यक्षिक घेऊन यावं असं त्यात होतं, तेव्हा बाररूममध्ये हशा पिकला. कोणी म्हणालं टाइपरायटर न्या, कोणी म्हणालं सायक्लोस्टाइलचं यंत्र न्या. नाना पान लावत होते. चुन्याचं बोट पुसून ते म्हणाले, "आपण टेपरेकॉर्डर नेऊ. साक्ष त्यावर घेऊन दाखवू. मी जातो."

यंत्रांवर राग असलेले नाना असं का म्हणाले, ते मला माहीत होतं. त्या काळी आमच्याकडे साक्षीदार बोलायचा मराठीत आणि न्यायाधीश ते ऐकून, मनात गाळून, बहुधा इंग्रजीत आपल्या हातानं लिहून घ्यायचे. तेच लिहिलेलं वरच्या कोर्टात जायचं. नानांच्या एका फौजदारी खटल्यात पाथर्डीकडचा साक्षीदार पिंजऱ्यात म्हणाला होता, "व्हय, त्योच हुता जनू." कागदावर उतरलं, होय, तोच होता. खात्री नाही असं सांगणारा तो 'जनू' राहिला बाहेरच. अपिलात नाना त्या एका शब्दासाठी घसा फोडून बोलले, पण कागदावर नसलेला शब्द वरच्या कोर्टाला ऐकू येत नाही. त्यांचा माणूस तुरुंगात गेला. तेव्हापासून दिवाणी असो की फौजदारी, नाना कोर्टाला दर वाक्याला विनवायचे, "साहेब, तो जसं बोलला तसं लिहा." साहेब वैतागायचे.

तर टेपरेकॉर्डर. नगरमध्ये तो मोजक्या लोकांकडे होता. भिंगारला सुभेदार गायकवाड म्हणून लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, त्यांच्याकडे सुटकेसएवढा, दोन चकत्यांचा टेपरेकॉर्डर होता. आम्ही मागायला गेलो. सुभेदारांनी तो खाटेखालून काढला, वरची चादर घडी घालून ठेवली आणि म्हणाले, "मशीन एकटं जाणार नाही. मशीनबरोबर मी येणार. बटणाला हात फक्त माझा."

"अहो, पण परिषद वकिलांची आहे," नाना म्हणाले.

"असू दे. मी कोणाला त्रास देत नाही."

यंत्र मिळालं. आता साक्षीदार हवा. बाररूममधल्या एक-दोघांनी हौसेनं खेडूत साक्षीदाराचं सोंग करून दाखवलं. नाना म्हणाले, "ही नाटकं नकोत. खरा साक्षीदार पाहिजे." आणि त्यांना भागूबाई आठवली.

भागूबाई तिसगावची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेत दिराच्या शेताला लागून, मधे बांध, बांधावर एक बोरीचं झाड. बांध सरकवला असा तिचा दावा, बांध होता तिथंच आहे असं दीर किसन याचं म्हणणं. बोर कोणाच्या हद्दीत येते हे त्यावर ठरायचं होतं. थंडीत ती बोर लागायची तेव्हा भागूबाई आमच्या ऑफिसात फडकं भरून बोरं आणायची आणि किसन तितकीच त्याच्या वकिलाकडे न्यायचा. वादातली मालमत्ता दोन्ही बाजूंचे वकील खात होते. बोरं फार गोड होती.

नानांनी तिला समजावून सांगितलं. पुण्याला जायचं, तिथं खोटं खोटं कोर्ट असेल, आपण साक्ष द्यायची. ती विचार करून म्हणाली, "येते. पर किसनभावजीला बी घ्या."

"अगं बाई, तो तुझा प्रतिवादी आहे!"

"आसंना का. मी एकली परमुलखात कशी जाऊ? नगरला बी मी त्याच्यासंगंच येते की."

हेही खरंच होतं. तिसगावहून तारखेला दोघं एकाच गाडीनं यायचे, कोर्टात एकमेकांच्या नावानं बोटं मोडायचे आणि दुपारी कोर्टाच्या आवारात एकाच चटणीला भाकरी लावून खायचे. नानांनी किसनच्या वकिलांना विचारलं. ते हसून हसून बेजार झाले आणि म्हणाले, "न्या. फक्त दाव्याबद्दल एक अक्षर विचारू नका."

म्हणून आम्ही एक काल्पनिक चोरी ठरवली. भागूबाईची शेळी चोरीला गेली आहे आणि ती साक्ष देते आहे. तालीम नानांच्या ऑफिसात. सुभेदारांनी यंत्र टेबलावर मांडलं, कडक आवाजात "रेडी!" म्हणाले आणि बटण दाबलं. चकत्या फिरू लागल्या. नाना उभे राहिले.

"तुमची शेळी कधी चोरीला गेली?"

"माझ्याकडं शेळी न्हाईच."

"समजा आहे."

"समजा कशी? तिला चारा कोन घालतं?"

कोपऱ्यात बसलेला किसन म्हणाला, "वैनी, साहेब समजा म्हनत्यात तर समज की."

"तू गप ऱ्हा. तू तर माझा बांध बी तुझाच समजतो!"

सुभेदारांनी यंत्र बंद केलं. बराच खल झाला. शेवटी भागूबाईला तिची जुनी, कधीच मेलेली शेळी आठवली. त्या शेळीबद्दल ती बोलायला तयार झाली, फक्त ती मेली नसून चोरीला गेली असं धरायचं. "त्येवढं चालंल," ती म्हणाली. "तिच्या जिवाला बरंच वाटंल." साक्ष सुरू झाली आणि झकास रंगली. नानांनी तिला उलटंपालटं विचारलं, ती बधली नाही. मग सुभेदारांनी टेप मागं फिरवली आणि ऐकवली.

भागूबाई खुर्चीत ताठ झाली. "ही कोन बया बोलती माझ्यावानी?" किसन पोट धरून हसला. पण मी बघत होते नानांकडे. यंत्रातून एक बारीक, किनरा, नाकातला आवाज येत होता. दर वाक्याला शेवटी तो "काय?" म्हणत होता. "शेळी काळी होती, काय? बांधलेली होती, काय?" नाना आजूबाजूला बघू लागले, जणू खोलीत आणखी कोणी आलं आहे.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

सुभेदार शिस्तीचा माणूस. ते म्हणाले, "आपणच, साहेब."

"यंत्र बिघडलंय."

"मशीन ओके आहे, साहेब. मशीन खोटं बोलत नाही."

भागूबाईला वाटलं, नानांना धीर द्यावा. "आवो, आमाला कुटं नवा हाय तुमचा आवाज? कोंबडं आरवल्यावानी हाय, पर मानूस जागं हुतं की!"

नानांनी कोट घातला आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी एका खटल्यात नानांची उलटतपासणी होती. ते उठले आणि विहिरीतून यावा तसा घुमवलेला, जाड आवाज काढून बोलू लागले. 'काय' ओठांवर यायचा, तो ते गिळायचे, आणि गिळला की पुढचं वाक्य विसरायचे. साक्षीदार आ वासून बघत राहिला. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "नाना, घसा बरा नाही का? पुढची तारीख देऊ?" इतक्या वर्षांत नानांना कोणी न मागता तारीख दिली नव्हती. त्यांनी ती घेतली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "परिषदेला प्रश्न तू विचार. मी श्रोत्यांत बसेन."

"नाना, मी अजून एकही—"

"तुला ऐकलंय का कधी स्वतःला? नाही ना? मग तुझं बरं आहे."

पण मी स्वतःला ऐकून घेतलंच. त्याच संध्याकाळी भिंगारला जाऊन. सुभेदारांनी बटण दाबलं, मी शेळीचे प्रश्न भिंतीला विचारले आणि टेप ऐकली. मी प्रश्न विचारत नव्हतेच, परवानगी मागत होते. "तुमची शेळी, म्हणजे, काळी होती का, असं मला विचारायचं होतं." लग्नाला आलेल्या पाहुण्यांना आणखी श्रीखंड वाढू का म्हणून विचारावं तशी मी चोराचा माग काढत होते. मला रडू यायचं बाकी होतं. पक्षकार माझ्या मागं बघून वकील कुठे आहेत विचारायचे ते का, हे त्या यंत्रानं मला सांगितलं.

सुभेदारांनी टेप थांबवली. "मॅडम, आवाज गळ्यातून नाही, पोटातून. चला बाहेर."

घरासमोरच्या मोकळ्या मैदानावर त्यांनी मला उभं केलं आणि स्वतः लांब जाऊन ताठ उभे राहिले. "मला हुकूम द्या. सावधान म्हणा!"

"सावधान."

"ऐकू नाही आलं!"

"सावधान!"

"मला दया दाखवू नका, मॅडम! मी रंगरूट आहे!"

मला काय झालं कोणास ठाऊक. सनद घेतल्यापासून बाररूमच्या कोपऱ्यातल्या एका खुर्चीत बसून जे जे गिळलं होतं ते सगळं पोटातून वर आलं आणि मी ओरडले, "सा-व-धान!" मैदानाच्या कडेनं एक सायकलवाला जात होता. तो धडपडत उतरला आणि सायकल धरून ताठ उभा राहिला. लष्कराचं गाव. त्याला वाटलं कोणीतरी मोठं आलं. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी मला सॅल्यूट केला. पुढं रोज कोर्ट सुटलं की मी भिंगारला जायची आणि हुकूम सोडायची. सुभेदारांच्या पत्नी ओट्यावर पालेभाजी निवडत बसायच्या आणि म्हणायच्या, "आज कालच्यापेक्षा बरं."

परिषदेच्या सभागृहात पुण्या-मुंबईची मोठी मंडळी होती. कोणी परदेशातल्या फोटो काढून नकला करणाऱ्या यंत्राची चित्रं आणली होती, कोणी त्यावर लांबलचक भाषण आणलं होतं. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश होते. आमची पाळी आली तेव्हा सगळ्यांना भूक लागली होती. सुभेदारांनी यंत्र टेबलावर ठेवलं, भागूबाई खुर्चीवर बसली, आणि आम्ही अध्यक्षांना विनंती केली की आपण नेहमीच्या पद्धतीनं ही साक्ष लिहून घ्यावी, मग टेपशी ताडून बघू. त्यांना कल्पना आवडली. त्यांनी पेन उघडलं.

मी उभी राहिले. आवाज आला तो पोटातून. "भागूबाई, तुमची शेळी चोरीला गेली त्या दिवशी ती कुठं बांधली होती?" पहिल्या रांगेतल्या एका डुलक्या घेणाऱ्या वकिलांनी डोळे उघडले.

तालमीत ती म्हणायची, गोठ्यात. त्या दिवशी मोठ्या लोकांसमोर तिला जास्त खरं बोलावंसं वाटलं असावं. ती म्हणाली, "बोरीला."

मी पुढं सरकणार होते. पण अध्यक्ष जन्मभर न्यायाधीश होते. त्यांनी मान वर करून सहज विचारलं, "कुणाच्या बोरीला?"

"माझ्या," भागूबाई म्हणाली.

मागच्या रांगेतून किसन उठला. "साफ खोटं! बोर माझी हाय!"

"बघा, बघा साहेब, पुन्यात बी आला बोर खायला!"

"वैनी, देवाशपथ सांग, ती बोर कुनी लावली?"

"चिमनीनं लावली! चिमनी काय तुझी हुती?"

"चिमनी माझ्या हद्दीतनं आली हुती!"

मी "सावधान!" म्हणायच्या बेतात होते. नाना उठून किसनला खाली ओढत होते, तो बसत नव्हता. सभागृह हसून लोळत होतं. सुभेदार तेवढे चकत्यांवर नजर रोखून उभे होते. कोणी काही म्हणो, बटण बंद करायचा हुकूम त्यांना मिळालेला नव्हता.

शेवटी अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. शांत झाल्यावर त्यांनी आपण लिहिलेलं वाचून दाखवलं, "शेळी बोरीच्या झाडाला बांधली होती. झाडाच्या मालकीबद्दल वाद आहे." इतकंच. मग म्हणाले, "आता यंत्र लावा." सुभेदारांनी टेप फिरवली आणि सगळं पुन्हा ऐकवलं, चिमणीसकट. आपलं भांडण बाहेरून ऐकताना किसन खजील झाला. भागूबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. किसननंच उठून तिला पाणी दिलं.

अध्यक्षांनी ते बघितलं. "आजी," ते म्हणाले, "किती वर्षं चाललाय हा दावा? तुमचं तर पटतंय. मिटवून का टाकत नाही?"

भागूबाईनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "मिटवून काय करू, साहेब? मालक गेल्यापासनं मला कोन कुटं नेतं? तारीख आसली की नगर दिसतं. गाडीत चार मानसं बोलत्यात. वकीलसाहेब 'बस भागूबाई' म्हनत्यात. आज तर पुनं दिसलं. त्यो एक बांध मिटला, की मी त्या बांधावरच बसले मरुस्तोवर." आणि किसनकडे हात करून म्हणाली, "ह्यालाबी काय काम न्हाई दुसरं."

किसन म्हणाला, "व्हय, ते खरं हाय."

अध्यक्षांनी पेन बंद केलं. ते वाक्य त्यांनी लिहून घेतलं नव्हतं. ते लिहिणार तरी कोणत्या रकान्यात, असं नंतर जेवताना नाना मला म्हणाले. म्हणाले आपल्या मूळच्या, नाकातल्या आवाजात, शेवटी 'काय?' लावून. पुढं आयुष्यभर तो आवाज त्यांनी बदलला नाही. नगरला परतल्यावर पहिली उलटतपासणी त्यांनी मला दिली, आणि मी उभी राहिल्यावर साक्षीदार माझ्या मागं बघेना.

परिषदेनं ठराव केला की कोर्टात टेपरेकॉर्डर आणावेत. मी काळा कोट खुंटीला अडकवला तोवर आमच्या कोर्टात तरी आला नव्हता. साक्षीदार बोलत राहिले आणि कोणीतरी गाळून लिहीत राहिलं. आता म्हणे यंत्रच ऐकतं आणि आपोआप लिहितं. त्याला 'जनू' ऐकू येतो का, ते मला माहीत नाही.

भागूबाईचा दावा पुढंही तारखांवर चालू राहिला. मग एका तारखेला ती एकटीच आली. किसन तापानं गेला होता. प्रतिवादी वारला की त्याच्या वारसांची नावं दाव्यात लावायची असतात, ठरावीक मुदतीत. नाही लावली तर दावा आपोआप संपतो. मी कागद तयार केले. तिला म्हटलं, "भागूबाई, किसनच्या मुलांची नावं घालू या. अंगठा द्या."

तिनं हात पुढं केला नाही.

"नगं, वकीलबाई. ऱ्हाऊ दे."

"अहो, इतकी वर्षं लढलात. बांध जाईल."

"जाऊ दे. पोरं गुनाची हायती, पर त्यास्नी भांडता येत न्हाई. मी तोंड उघडलं, की म्हनत्यात, मोठ्याई, बस, च्या घे."